चारही चाकांवर चालणारी कुटुंबाची गाडी : मालकांची मते आणि वाटेतला सर्वांत वाईट अर्धा किलोमीटर

प्रश्न असा आहे : “आम्ही कोथरूडला राहतो. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई. मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अलीकडे आमचे शेतघर आहे आणि भर पावसाळ्यातही महिन्यातून दोन-तीनदा तिकडे जाणे होते. पाच-सहा वर्षे वापरलेली, मोठ्या डिकीची, चारही चाकांवर चालणारी गाडी घेण्याचा विचार आहे. पण ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यापैकी एक जण म्हणतो की याहून चांगली गाडी नाही, तर दुसरा म्हणतो की हा फुकटचा खर्च आहे. कोणाचे खरे मानावे?”

दोघांचेही खरे मानावे. फक्त ते दोघे आपापली गाडी कुठपर्यंत नेतात, हे आधी विचारून घ्यावे. गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात गाड्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतो आणि त्यांतली सात वर्षे माझ्या स्वतःच्या घरी चारही चाकांवर चालणारी, म्हणजे जिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो अशी, डिझेल गाडी होती. एवढ्या काळात अशा गाड्यांच्या मालकांशी जे बोलणे झाले, त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे : या गाडीविषयीचे समाधान किंवा पश्चात्ताप गाडीच्या कंपनीवर फारसा ठरत नाही, तो मालकाच्या नेहमीच्या वाटेतल्या सर्वांत वाईट अर्ध्या किलोमीटरवर ठरतो. ज्याच्या वाटेत असा तुकडा आहे, तो बाकीचे सगळे खर्च हसत सोसतो. ज्याच्या वाटेत तो नाही, त्याला न वापरलेल्या खोलीचे भाडे भरत असल्यासारखे वाटत राहते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. परदेशांत ज्याला वॅगन किंवा इस्टेट म्हणतात, म्हणजे सेडानसारखी बुटकी, पण छत मागेपर्यंत ओढून मोठी डिकी केलेली गाडी, ती आपल्याकडे फारशी रुजली नाही. बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, इंडिगो मरीना या सगळ्या येऊन गेल्या, पण त्या पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. चारही चाकांवर चालणाऱ्या वॅगनची ठळक उदाहरणे म्हणजे शेव्हर्ले फॉरेस्टर, जी मुळात जपानच्या सुबारू कंपनीची, आणि नंतर २०१७ मध्ये आलेली व्होल्व्हो व्ही९० क्रॉस कंट्री; पहिली विस्मरणात गेली आणि दुसरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे आपल्याकडे वॅगनचे काम उंच बांध्याच्या गाड्यांनीच केले : २०१० ची स्कोडा यती, २०११ ची एक्सयूव्ही५००, २०१४ मध्ये आलेली चारही चाकांवरची डस्टर, आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला तयार होणारी कंपास, आणि २०२२ ची ग्रँड विटारा. आपल्या आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर हे चांगलेच झाले, कारण बुटक्या वॅगनमध्ये खाली वाकून बसावे लागते आणि या गाड्यांत आसन जवळजवळ कमरेच्या पातळीवर येते.

अशी वॅगन मुळात कशी जन्माला आली, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. जपानच्या तोहोकू भागातल्या वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना बर्फात वाहिन्यांची पाहणी करायला उघड्या जीपमधून जावे लागत असे. त्यांना प्रवासी गाडीसारखी बंद, उबदार, पण बर्फात न अडकणारी गाडी हवी होती, आणि त्या मागणीतूनच सुबारूने १९७२ मध्ये लिओनी इस्टेटची चारही चाकांवर चालणारी आवृत्ती बाजारात आणली. म्हणजे गरज आधी होती आणि ती एका ठरावीक वाटेची होती.

आता यंत्रणेकडे वळू, कारण मालकांच्या निम्म्या तक्रारी ती न समजल्यामुळे उद्भवतात. या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते आणि एरवी जोर पुढच्याच चाकांना मिळतो. गिअरबॉक्सला लागून एक छोटी गिअरपेटी असते. ती हा जोर काटकोनात वळवून प्रॉपेलर शाफ्ट नावाच्या लांब दांड्यामार्फत मागे पाठवते. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीच्या, तोंडाशी तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा एक क्लच असतो. पुढची चाके घसरू लागली, किंवा घसरतील असे गाडीतल्या संगणकाला वाटले, की हा क्लच आवळला जातो आणि मागची चाके ढकलू लागतात. हे सगळे एका सेकंदाच्या आत घडते आणि चालवणाऱ्याला बहुधा कळतही नाही. मात्र या गाड्यांना जीपसारखा वेगळा ‘लो’ गिअर नसतो. डस्टरने ही उणीव अगदी छोट्या पहिल्या गिअरने भरून काढली होती, इतक्या छोट्या की सपाट रस्त्यावर तिचे अनेक मालक थेट दुसऱ्या गिअरवर गाडी उचलत. शिवाय चिखलात खूप वेळ चाके फिरवत राहिले तर तो क्लच तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटतो. अशा वेळी “ऐन वेळी धोका दिला” म्हणून गाडीला दूषणे देण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे इंजिन बंद ठेवून चहा प्यावा.

समाधानी मालक ज्याचे कौतुक करतात, ते नेमके काय असते? आमची सासुरवाडी गुहागरकडची. तिथे घरापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची एक चढण आहे आणि जूनअखेर तिच्यावर शेवाळाची साय धरते. आधीच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने मी एकटा असताना ही चढण चढत असे, पण घरची सगळी मंडळी बसली आणि डिकीत सामान भरले, की तीच गाडी मध्यावर येऊन जागच्या जागी चाके फिरवू लागे. याचे कारण साधे आहे. चढावर गाडीचे वजन मागे झुकते, त्यात मागच्या आसनावरच्या माणसांची आणि डिकीतल्या सामानाची भर पडते. पुढची चाके हलकी होतात आणि जोर तर त्यांच्याकडेच असतो. म्हणजे कुटुंबाची गाडी ज्या कामासाठी घेतली, ते काम करण्याच्या क्षणीच तिची पकड सर्वांत कमी असते. चारही चाकांवर चालणारी गाडी नेमकी ही अडचण सोडवते, कारण वजन जिथे गेले तिथे जोर पाठवण्याची तिला सोय असते. शोरूममधून एकट्याने घेतलेल्या चाचणीफेरीत हा फरक कधीच दिसत नाही.

पण याच गुणामुळे एक धोका निर्माण होतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात. त्या बाबतीत ही गाडी इतरांपेक्षा तसूभरही सरस नाही, उलट थोडी जड असल्याने थांबायला कणभर जास्तच जागा घेते. साधी गाडी चढताना जराशी घसरते आणि चालवणाऱ्याला सावध करते. ही गाडी कुठलीही कुरकुर न करता वर चढते, त्यामुळे रस्ता किती निसरडा झाला आहे याची चाहूलच लागत नाही, आणि मग ताम्हिणीच्या उतारावर धुके, ओली पाने आणि समोरून वळण कापत येणारी एसटी एकदम सामोरी येते. माझ्याकडे समोरचा भाग चेपून आलेल्या अशा गाड्यांपैकी बहुतेक उतारावर ठोकलेल्या होत्या. आईंना आणि मुलांना घेऊन जाणाऱ्याने उतरताना आपल्याकडे साधीच गाडी आहे असे समजावे.

आता टायर. नाराज मालकांची खरी दुखरी नस इथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. २१५/६५ आर१६ या मापाचा नवा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण ४६४ चकरा मारतो. नक्षी आठ मिलिमीटरवरून तीनवर आली, की त्याच टायरला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ४७१ चकरा माराव्या लागतात. सात चकरांचा फरक किरकोळ वाटतो, पण समजा पुढचे दोन टायर नवे टाकले आणि मागचे झिजलेलेच ठेवले, तर शंभर किलोमीटरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत सातशे चकरांची तफावत पडते, आणि ती तफावत त्या तेलातल्या चकत्यांना एकमेकींवर घासून पचवावी लागते. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत ज्या काटकसरीला कोणी हरकत घेणार नाही, तीच इथे क्लच आणि गिअरपेटी दोन्हींना खाते. सुबारू आपल्या गाड्यांसाठी चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको असे सांगते. पाव इंच परिघ म्हणजे नक्षीत जेमतेम एक मिलिमीटर. मागणीनुसार जोडल्या जाणाऱ्या क्लचच्या गाड्या थोडे अधिक सहन करतात, तरी दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे मी कोणाला जाऊ देत नाही, आणि गाडीच्या पुस्तिकेत त्याहून कडक आकडा असेल तर तोच पाळावा.

यातून व्यवहारात काय निष्पन्न होते, तर पुण्याच्या एखाद्या उघड्या चेंबरच्या कडेने एका टायरची बाजू फाडली आणि बाकीचे तीन अर्ध्याहून जास्त झिजलेले असले, तर चारही टायर बदलावे लागतात आणि पस्तीस-चाळीस हजारांचा खड्डा खिशात पडतो. हे दुखते, यात वाद नाही. त्यावर उपाय म्हणजे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदलणे, स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर तिलाही त्या फेऱ्यात घेणे, चारही चाकांत हवा सारखी आणि सांगितल्याप्रमाणे ठेवणे, आणि एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे टायर वापरणे. स्टेपनी लहान मापाची असेल तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी आहे, ताम्हिणी ओलांडण्यासाठी नाही. आणखी एक गोष्ट अनुभवावरून सांगतो : चांगल्या नक्षीच्या टायरांची दोन चाकांवरची गाडी ओल्या रस्त्यावर गोटा झालेल्या टायरांच्या चार चाकांवरच्या गाडीला सहज मागे टाकते. चारही चाके फिरतात म्हणून टायर आणखी एक पावसाळा काढतील, हा हिशेब अगदी उलटा आहे.

तेलाच्या बाबतीत मालकांची दिशाभूल विक्रेतेच करतात. मागच्या डिफरन्शियलचे, पुढच्या गिअरपेटीचे आणि त्या क्लचचे तेल “आयुष्यभरासाठी” आहे असे सांगितले जाते. कोणाच्या आयुष्यभरासाठी, ते मात्र सांगत नाहीत. यतीसारख्या गाड्यांत तेलातल्या चकत्यांचा जो हाल्डेक्स पद्धतीचा क्लच येतो त्याच्या तेलाची मुदत साधारण साठ हजार किलोमीटर मानली जाते. आपल्याकडचे घाट, उन्हाळा आणि धूळ पाहता मी चाळीस-पन्नास हजारांवरच तिन्ही तेले बदलतो. खर्च एका चांगल्या हॉटेलातल्या कौटुंबिक जेवणाएवढा येतो आणि त्यातून वाचणारी यंत्रणा मात्र लाखाच्या घरातली असते. माझ्या स्वतःच्या गाडीत मी एकदा याकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्यांच्या गाड्यांच्या गडबडीत स्वतःची राहून गेली, आणि वळताना मागून येणाऱ्या घरघरीने मला त्याची आठवण करून दिली. शिंप्याच्या पोराला उसवलेला सदरा, तशातली गत.

पाण्याचे प्रकरण याला जोडूनच येते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की आपल्या शहरात भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि शेतघराच्या वाटेवर तर ओढ्यावरच्या फरशा असतातच. चारही चाके फिरतात म्हणून गाडी पाण्यातून जाऊ शकते, असा अनेकांचा समज असतो. इंजिनाने हवा घ्यायची जागा जितकी उंच, तितकेच पाणी गाडी सोसते, आणि त्याच्याशी चाकांच्या ओढीचा काही संबंध नाही. त्यातही मागचे डिफरन्शियल तापलेले असताना एकदम थंड पाण्यात बुडाले, तर आतली हवा आकसते आणि हवा जाण्याच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल बाहेर काढले की ते दुधाच्या चहासारखे दिसते. चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेलेली गाडी आठवडाभरात लिफ्टवर चढवून हे तेल पाहून घ्यावे.

रोजच्या वापरात या गाडीचा फारसा जाच होत नाही. ॲव्हरेजविषयी लोक उगाच बागुलबुवा उभा करतात. आपल्या कोथरूडच्याच वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणित आकड्यांत २०२२ च्या ग्रँड विटाराची साधी हाताने गिअर टाकायची आवृत्ती लिटरला २१.११ किलोमीटर देते आणि तीच गाडी चारही चाकांवर १९.३८, म्हणजे फरक आठ टक्क्यांच्या आसपास. कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत दोन्ही आकडे सारखेच स्वप्नवत असतात, हा भाग वेगळा. डिकी मात्र खरोखर कमी होते, कारण मागचे डिफरन्शियल तिच्याखाली बसते : डस्टरमध्ये ती ४७५ लिटरवरून ४१० वर आली होती. मागच्या आसनाच्या मधल्या जागेत शाफ्टसाठी उंचवटा असतो, तिथे मुलांपैकी कोणाला तरी पाय पसरून बसावे लागेल आणि त्यावरून भांडण होईल, हे गृहीत धरावे. वापरलेली डिझेल गाडी २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल आणि ती आठवडाभर नुसती कोथरूड ते डेक्कन फिरणार असेल, तर धूर गाळणाऱ्या जाळीत काजळी साठते. आपल्या बाबतीत शेतघराची लांब फेरी तिला मोकळे करायला उपयोगी पडेल.

गाडी बंद पडली तर ओढून नेण्याची पद्धत मात्र घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत हवी. पुढची दोन चाके उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेली, तर मागच्या चाकांमुळे शाफ्ट फिरतो आणि क्लच व गिअरपेटी विनाकारण घासतात. पौडच्या पुढे एका रात्री माझी गाडी बंद पडली तेव्हा मदतीला आलेला माणूस आकडा लावून निघायच्या तयारीत होता; मी नको म्हणालो आणि चारही चाके वर घेणाऱ्या फ्लॅटबेड गाडीची तीन तास वाट पाहिली. बायकोने त्या तीन तासांत मला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण शाफ्ट वाचला. नो-पार्किंगमध्ये गाडी लावण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा सर्वांत आधी खाली वाकून प्रॉपेलर शाफ्ट जागेवर आहे का ते पाहा. हे विनोदाने म्हणत नाही. दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी शाफ्टच काढून टाकलेल्या दोन गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत, आणि दोन्ही मालकांना विकत घेताना त्याचा पत्ता नव्हता. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवा. ती अडखळत, उड्या मारल्यासारखी फिरली तर क्लच सुटत नाही असे समजावे. साठ ते ऐंशीच्या वेगात खिडक्या बंद करून मधल्या आसनाखालून घरघर येते का ते ऐका. ती बहुधा शाफ्टच्या मधल्या बेअरिंगची असते आणि भावात वजावट मागण्याइतपत किरकोळ असते. मागून, डिफरन्शियलकडून येणारी रडकी शिटी मात्र किरकोळ नसते. चारही टायरांच्या बाजूवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचा आणि नक्षी मोजा. चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर त्या मालकाने तेलही बदलले नसणार. संगणक लावून जुने दोष वाचून घ्या. आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत जसे पाणी शिरले, तशा पाण्यात गाडी उभी राहिली होती का, हे आसनांखालचा गंज, सीट-बेल्टच्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकावरचा गाळ आणि गालिच्याचा वास यांवरून तपासा. पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तिची वायरिंग पुढची दोन वर्षे हप्त्याहप्त्याने मरते.

आता आपल्यापुरते. आपली वाट मला जेवढी समजली, त्यात शहरापासून मुख्य रस्ता सोडेपर्यंत दोन चाके पुरेशी आहेत. ताम्हिणीकडे जाणारा डांबरी रस्ता सावध माणसाला साध्या गाडीनेही पार करता येतो. म्हणून सगळा निर्णय मुख्य रस्ता सोडल्यानंतरच्या पाणंदीवर अवलंबून आहे. ती सपाट असून एखाद्याच ठिकाणी चिखल होत असेल, तर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या आणि चांगल्या टायरांची साधी गाडी घ्या. गाडीवर होणारा जास्तीचा खर्च त्या मुरमाच्या अनेक पटींनी आहे. पण चढ असेल, माती चिकट असेल आणि आईंना तेवढेही अंतर चालत नेता येत नसेल, तर चारही चाकांवर चालणारी गाडी घ्या, आणि टायर व तेल यांसाठी वर्षाला पंधरा-वीस हजार वेगळे काढून ठेवा.

व्यवहार ठरवण्याची घाई मात्र दिवाळीच्या सवलतींकडे पाहून करू नका. गाडी जुलैत पाहा. विकणारा तयार असेल तर दिवसभरासाठी ती मागून घ्या, पाचही जण बसा, नेहमीचे सामान आणि शेतावर न्यायची खताची एक गोणी डिकीत टाका आणि पाऊस चालू असताना आपल्या त्या चढणीच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा उचलून पाहा. आणि येताना तसेच गॅरेजला या, म्हणजे चिखल वाळायच्या आत खालून पाहून घेता येईल.